इल्दाला हलवायचं ठरलं

इल्दाला हलवायचं ठरलं, हे मला सगळ्यांत शेवटी कळलं. मी तिचा नवरा असल्यामुळे असेल.

सर्वांत आधी कळलं तिच्या भावाला, आदेलिनुला, कारण तो उनियांव फुटबॉल क्लबचा उपाध्यक्ष. मग बहिणीला, ग्रासिएतला, कारण ती नाउतिको क्लबची सचिव आणि नाउतिकोत रोलर हॉकीखेरीज दुसरं काही होत नाही. मग त्या दोघांच्या आईला, म्हणजे माझ्या सासूबाईंना, दोना फ्लोरिपेसना, कारण कबरीचा कागद त्यांच्या नावावर. मग आमच्या गावातल्या, वाले द गार्सामधल्या, सगळ्या न्हाव्यांना, कारण त्यांना सगळंच कळतं. मला गुरुवारी पत्र आलं. वर नगरपालिकेचा शिक्का. आत लिहिलं होतं की फुटबॉल आणि रोलर हॉकी या दोन्ही खेळांत गावाचं नाव मोठं करणाऱ्या दिवंगत इल्दा केयरोश यांना दफनभूमीतल्या मानाच्या चौकात हलवण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला आहे. पतीची सही तेवढी बाकी आहे.

इल्दाला जाऊन ऑक्टोबरात तीन वर्षं झाली. त्याआधी कायद्याने माती उघडता येत नाही. नाहीतर त्यांनी अंत्ययात्राच तिकडे वळवली असती.

रविवारी सासूबाईंनी जेवायला बोलावलं. तीन वर्षांत पहिल्यांदा. मी ओळखलं की जेवणानंतर पेन येणार.

आमच्याकडच्या कबरीत एका वेळी एकच पेटी मावते. खालचा माणूस मातीला मिळाला की त्याची हाडं गोळा करून कापडात बांधायची, पायाशी ठेवायची आणि पुढच्याला आत घ्यायचं. सासरे झाकारियास असेच पायाशी गेले आणि इल्दा आत आली. तिच्यानंतर मी जाणार, असं मी धरून चाललो होतो. कोणाला विचारलं नव्हतं. मानाच्या चौकात मात्र एक दगड, एक नाव. तिथे एक नोटरी आहे, दोन पाद्री आहेत आणि एक कवी आहे ज्याला कोणी वाचत नाही. तिथे नवरे घेत नाहीत. इल्दा तिकडे गेली की मी मेल्यावर खाडीपलीकडच्या माझ्या गावी जायचं, जिथे माझं कोणी उरलेलं नाही. मला एवढंच नको होतं. बाकी मानाला माझी हरकत नव्हती.

मी पोचलो तेव्हा जेवणाच्या टेबलावर आधीच दंगा सुरू होता.

"दगडावर चेंडू वर," आदेलिनु म्हणत होता. "काठी खाली. यात चर्चा कसली?"

"काठी खाली? तुझ्या डोक्यावर ठेवते काठी," ग्रासिएत म्हणाली. "हॉकीत ती देशासाठी नऊ वर्षं खेळली. फुटबॉलमध्ये तीन."

"फुटबॉल जगाचा खेळ आहे. विचार कुठेही."

"आणि हॉकीत आपण जग जिंकलंय."

"कोणतं जग? स्पेन, इटली, अर्जेंटिना. बाकीच्या जगाला पायाला चाकं बांधायला वेळ नाही."

"या, या, आबेलभाऊ!" आदेलिनुने मला पाहिलं आणि उठून मिठी मारली. आमच्या लग्नातसुद्धा त्याने मला मिठी मारली नव्हती. तेव्हा तो म्हणाला होता, बहिणीने देशासाठी गोल केले आणि घरी आणला तो चाकं पुसणारा. खोटं नव्हतं. मी नाउतिकोत स्केट दुरुस्त करायचो. अजून करतो. बेअरिंग धुवायची, चाकं बदलायची, पुढचा रबराचा ठोकळा घासून गेला की नवा बसवायचा. इल्दा ठोकळे फार खायची. थांबायची उशिरा आणि एकदम.

टेबलाच्या टोकाला नगरपालिकेचे सदस्य सिन्योर फाल्कातु बसले होते. गळ्यात रुमाल खोचलेला, मांडीवर चामड्याची फाइल. त्यांनी केक आणला होता आणि तो सगळ्यांना दिसेल असा ठेवला होता. संस्कृती, क्रीडा आणि दफनभूमी ही तिन्ही खाती त्यांच्याकडे होती. आमच्या गावात ती एकच गोष्ट आहे.

"सिन्योर आबेल," ते म्हणाले, "तुमच्या पत्नीसारखी खेळाडू गावाला पुन्हा होणे नाही."

"नाहीच होणार," मी म्हटलं. "मुलींचा संघ बंद केलात ना."

"तो क्लबचा निर्णय होता," फाल्कातु म्हणाले आणि आदेलिनुकडे बघितलं.

"मैदान अपुरं होतं," आदेलिनु म्हणाला आणि मक्याच्या पावाकडे बघितलं.

ते मला पाठ आहे. उनियांवच्या मुलींनी विभाग जिंकला त्याच उन्हाळ्यात दारावर कागद लागला की सरावाची वेळ आता बारा वर्षांखालच्या मुलांना देण्यात येत आहे. इल्दाने कागद वाचला, बूट खांद्यावर टाकले आणि नाउतिकोच्या रिंकवर आली. नाउतिकोवाले थोर निघाले असं समजू नका. तिचा गुडघा कापला तेव्हा ती दवाखान्यातून परतायच्या आधीच त्यांनी तिच्या कपाटाचं कुलूप बदललं होतं. देशासाठी खेळताना फुटबॉलचा शर्ट तिला मोठा व्हायचा, तो पुरुषांचा असायचा. हॉकीचा तंग व्हायचा, तो पोरांचा असायचा. तिच्या मापाचा शर्ट कोणत्याच क्लबने कधी शिवला नाही. आता दगड मात्र बरोब्बर मापाचा.

सासूबाई स्वयंपाकघरातून वामीच्या कालवणाचं भांडं घेऊन आल्या. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, पण भांडं कोणाच्या हातात देईनात.

"बसा सगळे. मेलेल्यांवरनं भांडायला दुपार पडलीय. वाम गार झाली की चिखलासारखी लागते."

आम्ही बसलो. सासूबाईंनी मला सगळ्यांत मोठा तुकडा वाढला आणि माझ्याकडे टक लावून पाहिलं. मला वाटलं, माया आहे.

ती माया नव्हती. पण ते पुढे येईल.

आदेलिनुला हा दगड कशाला हवा होता, हे त्याने मला पुढे स्वतः सांगितलं, तीन ग्लासांनंतर. जानेवारीत उनियांवच्या अध्यक्षपदाची निवडणूक होती. समोर उभा राहणारा माणूस साठ वर्षांत एकदाही गावाबाहेर गेला नव्हता आणि तेच त्याचं भांडवल. आदेलिनुची अर्धी हयात फ्रान्समध्ये भिंतींना प्लास्टर करण्यात गेलेली. त्याला गावात रुजलेली एखादी गोष्ट हवी होती. बहिणीइतकं रुजलेलं दुसरं काय असणार? त्याने भाषणही लिहिलं होतं. त्यात 'माझ्या खांद्यावर बसून तिने पहिला सामना पाहिला' असं वाक्य होतं. खरं तर स्केट त्याचे होते. वडिलांनी आणले त्याच्यासाठी, हा पहिल्याच दिवशी मनगट मोडून बसला आणि सात वर्षांच्या इल्दाने ते बूट आतून वर्तमानपत्र कोंबून पायात घातले. त्याने तिला दिलं असेल तर एवढंच, तेही पडून.

ग्रासिएतची गोष्ट वेगळी. ती इल्दाहून दोन वर्षांनी लहान. तिलाही चाकांवर उभं करून पाहिलं. ती उभी राहिली आणि तशीच उभी राहिली. पुढे जाईना. मग ती तिकिटं फाडू लागली, मग वह्या लिहू लागली, मग सचिव झाली. पन्नास वर्षं गावाने तिला 'इल्दाची बहीण' म्हटलं. तिने मला एकदा म्हटलं होतं, "आबेल, मी मेले तरी दगडावर तेच लिहितील." आता दगड दुसऱ्या कोणाचा होता आणि त्यावर काय लिहायचं हे ती ठरवणार होती. हा आनंद तिच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

कालवण संपेपर्यंत दोघांचं जमलं. चेंडू डावीकडे, काठी उजवीकडे, दोन्ही सारख्या उंचीवर. आदेलिनु आधी बोलणार, पण ग्रासिएत जास्त वेळ. हार नाउतिकोचा, बँड उनियांवचा. एवढा समंजसपणा या घरात मी बावीस वर्षांत पाहिला नव्हता. मला कोणी काही विचारलं नाही.

"मग आता," फाल्कातुंनी ओठ पुसले आणि फाइल उघडली, "सिन्योर आबेल, इथे. आणि इथे. आणि मागे एक."

"वर काय लिहिणार दगडावर?" मी विचारलं.

"वाचून दाखवतो." त्यांनी चष्मा लावला. "'इल्दा केयरोश. दोन खेळांची राणी. १४ एप्रिल १९९१ या एकाच दिवशी दुपारी फुटबॉलमध्ये आणि संध्याकाळी हॉकीत विजयी गोल करणारी वीरकन्या.'"

"सुंदर," आदेलिनु म्हणाला.

"मजकूर मी दिलाय," ग्रासिएत म्हणाली.

"तिने त्या दिवशी एकही गोल केला नाही," मी म्हटलं.



"काय बोलतोस?" आदेलिनु हसला. "सगळ्या गावाला माहितीय. मी स्वतः मैदानावर होतो! कोपऱ्यातून चेंडू आला, तिने उडी मारली, डोक्याने असा..."

"तू त्या वर्षी फ्रान्समध्ये होतास, लियोंला."

"तेव्हा आलो होतो."

"नाताळला आलास. बापाला टीव्ही आणलास, जो इथे लागला नाही."

सासूबाई म्हणाल्या, "लागला नाही हे खरं."

"मग कोणीतरी मला सांगितलं असेल," आदेलिनु म्हणाला. "इतकं नीट सांगितलं की मला दिसलं."

"हॉकीचा गोल मात्र खरा आहे," ग्रासिएत म्हणाली. "त्या दिवशी मी तिथे होते."

"दारात होतीस. तिकिटं फाडत."

"आरडाओरडा ऐकला मी!"

"तो पंचावर चालला होता."

मग मला सांगावंच लागलं. दुपारी फुटबॉलला तिच्या पोटरीत गोळा आला. साठाव्या मिनिटाला तिला बाहेर घेतलं आणि उनियांव दोन-शून्यने हरलं. मी व्हॅन चालवत होतो, ती मागे बसून स्केटच्या नाड्या बांधत होती आणि पोटरीला शिव्या देत होती. हॉकीला पोचलो तर सामना सुरू झालेला. तिला दहाव्या मिनिटाला आत घेतलं, अकराव्या मिनिटाला ती पंचाला काहीतरी बोलली. काय बोलली ते मी सासूबाईंसमोर सांगितलं नाही. तिला बाकावर बसवलं. चार-एकने हरले. गावच्या साप्ताहिकाचा वार्ताहर त्या दिवशी बारशाला गेला होता. त्याने संध्याकाळी दारूच्या दुकानात फोन करून विचारलं, काय झालं? दुकानदार म्हणाला, इल्दा खेळली ना? मग जिंकले असतील. वार्ताहराने गोल आपल्या पदरचे घातले.

"आणि ती काही बोलली नाही?" ग्रासिएतने विचारलं. आवाज बारीक झाला होता.

"बोलली ना. तिने ते कात्रण कापून संडासाच्या दाराला आतून चिकटवलं. वीस वर्षं रोज वाचायची. म्हणायची, यांना मी जिंकले तेव्हा कधी दिसले नाही, हरले तेव्हा बरी दिसले."

एवढं बोललो. मी पाणी प्यायलो. आदेलिनुने खिडकीबाहेर पाहिलं. त्याला बरं वाटत नव्हतं हे मी कबूल करतो.

सर्वांत आधी सावरले ते फाल्कातु.

"सिन्योर आबेल, तुमच्या भावना मी समजतो. पण अडचण अशी की दगड कोरून झालाय."

"सही व्हायच्या आधी?"

"ठराव एकमताने होता."

"आणि पत्रिका छापायला गेल्यात," ग्रासिएत म्हणाली. आता ती पुन्हा सचिव झाली होती. "शिवाय खोटं कसं म्हणता येईल? त्या दिवशी नसेल केला, दुसऱ्या दिवशी केला. एकूणात केले ना?"

"एकूणात केले," आदेलिनु म्हणाला. "एकूणात धरायला हवं."

भावंडांचं इतकं एकमत पाहून मी उठणार होतो. तेवढ्यात सासूबाई बोलल्या.

"मला एक सांगा, सिन्योर फाल्कातु. सर्वसंतांच्या दिवशी तिथला दगड कोण धुतं?"

"नगरपालिकेचा माळी, दोना फ्लोरिपेस. कुटुंबाला काहीही तसदी नाही."

"शेवंती?"

"कुंड्या तिथे ठेवू देत नाही. एकसारखेपणा राहावा म्हणून. मेणबत्त्याही नाहीत, मेण सांडतं."

"तसदी," सासूबाई म्हणाल्या.

फाल्कातु शहरात शिकलेले, त्यांना कळलं नाही. आमच्याकडे त्या दिवसाआधी, ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, बायका ब्रश, बादली आणि ब्लीच घेऊन दफनभूमीत जातात आणि गुडघ्यांवर बसून दगड घासतात. घासता घासता शेजारचा दगड बघतात. कोणाचा काळा पडलाय, कोणाच्या कुंड्या गेल्या वर्षीच्या आहेत, कोणाची सून आली नाही. वर्षभराची अब्रू त्या आठ दिवसांत ठरते. सासूबाई चौऱ्याऐंशीव्या वर्षी घासतात आणि त्यांचा दगड रांगेत सगळ्यांत पांढरा असतो. माळ्याचं नाव काढणं म्हणजे त्यांच्या स्वयंपाकघरात दुसरी बाई आणून उभी करणं.

इथे आदेलिनुने चूक केली. त्याला आईची समजूत घालायची होती.

"अगं, बरंच आहे की, आई. तुझे गुडघे आधीच गेलेत. आणि इल्दा तिकडे गेली की आबेलचा प्रश्नही मिटतो. आपल्या कबरीत आपलीच माणसं. तुझ्यानंतर मी."

"आईनंतर तू? का?" ग्रासिएत म्हणाली.

"मी मोठा आहे."

"मोठा आहेस म्हणजे आधी मरशील असं लिहून आलंय का? तुझ्या बायकोच्या माहेरचं दफनभूमीत अख्खं संगमरवरी घर आहे. खिडक्या आहेत, पडदे आहेत. तिकडे जा."

"ते आमच्याशी बोलत नाहीत."

"मेल्यावर कशाला बोलायचंय?"

"ग्रासिएत, तू एकटी आहेस. तुला कुठेही चालेल."

"एकटी आहे म्हणून मला रस्त्यावर टाकणार?"

"सावकाश बोला की. हे बघ, सरळ आहे. समजा, आई पुढच्या वर्षी गेली..."

"पुढच्या वर्षी?" सासूबाईंनी विचारलं.

"उदाहरण, आई. नुसतं उदाहरण. त्यानंतर तीन वर्षं माती बंद. म्हणजे मी..."

"तीन वर्षांत मी गेले तर?" ग्रासिएत म्हणाली. "मला रक्तदाब आहे. तुला काय आहे? काही नाही. तुला काही होत नाही कधी."

"मला पाठ आहे!"

"पाठीने कोण मरतं?"

चेंडू, काठी, बँड, सगळं गेलं. दोघं आपापली दुखणी टेबलावर मांडून बसले, कोण आधी जाणार ते ठरवायला, आणि मधोमध त्यांची आई जिवंत बसलेली. फाल्कातुंनी केकची दोरी सोडायला घेतली, कारण अशा वेळी सरकारी माणसाने काय करायचं याचा नियम नाही.

सासूबाई उठल्या. "आबेल, ताटं घे. आत ये."

स्वयंपाकघरात त्यांनी नळ सोडला, पण भांड्याला हात लावला नाही. माझ्या ताटलीकडे बोट दाखवलं.

"हा तुकडा तसाच आहे."

"भूक नव्हती."

"केव्हापासून?"

मी ताटली ओट्यावर ठेवली.

"तीन वर्षं बघतेय. येतोस चर्चमध्ये मिसेला, कोट असा लोंबतो की आत माणूस आहे का हँगर, कळत नाही. शनिवारी कबरीशी येतोस तेव्हा मी पलीकडून बघते. बसतोस तो उठतच नाहीस." त्यांनी नळ थोडा कमी केला. "सही का करत नाहीस? मान मिळतोय पोरीला. खोटा का होईना."

"तिकडे मला घेणार नाहीत. मला तिच्याजवळ यायचंय."

"कधी?"

"म्हणजे?"

"कधी यायचंय? सरळ सांग."

मी सरळ सांगितलं. "लवकर. जमलं तर."

सासूबाईंनी नळ खाडकन बंद केला.

"जमलं तर, म्हणे! आणि मी? तू या नाताळला त्या मातीत जाऊन पडलास तर तीन वर्षं ती उघडायची नाही. मी चौऱ्याऐंशीची आहे. झाकारियास तिथे पंधरा वर्षं वाट बघतोय. मी कुठे थांबू तोवर? बसस्टॉपवर?"

 मग मला तो सगळ्यांत मोठा तुकडा कळला.

"त्यासाठी हलवत होतात तुम्ही तिला?"

"मग कशासाठी? मला मानाशी काय करायचंय? तू नवऱ्याचा हक्क सांगून माझ्या आधी घुसशील, ही एकच भीती. ती तिकडे गेली की तुझा हक्क गेला. पोरगी हातची जात होती, तरी मी हो म्हणाले." त्यांनी खांद्यावरची शाल ओढली. "वाईट वाटलं मला. पण तुझ्याकडे बघून रोज वाटायचं, हा आजच जातोय."

बाहेरून ग्रासिएतचा आवाज आला, "साखर तर आपल्या घराण्यात सगळ्यांनाच आहे!"

"ऐक ते," सासूबाई म्हणाल्या. "माझी पोटची दोन. तासभर बोलतायत आणि दोघांनी मला तीनदा पुरलं. तू एकदाही विचारलं नाहीस मी कधी जाणार."

"तुम्ही कधी जाणार?"

"गप्प बस. आता मी सांगते ते ऐक. कागद माझ्या नावावर आहे. तू सही करू नकोस, मी तुझं नाव कागदावर घालते. पण रांगेत. मी आधी. माझ्यानंतर तीन वर्षं कायद्याची. आपल्या मातीत खाडीचं पाणी झिरपतं, तीनमध्ये काम होत नाही, तू पाच धर. मग तू. माझी हाडं झाकारियासजवळ ठेवायची, इल्दाची तिच्या जागी नीट बांधायची आणि तू आडवा व्हायचंस. तोवर मरायचं नाही. एक दिवससुद्धा आधी नाही."

"आणि तुम्ही केव्हा..."

"माझी आई सत्त्याण्णवाव्या वर्षी गेली. पायरीवरून पडली म्हणून, नाहीतर अजून होती."

मी मनात बेरीज केली. तेरा आणि पाच.

"अठरा वर्षं होतात, दोना फ्लोरिपेस."

"होतात."

"मी चौऱ्याहत्तरचा होईन."

"काही वय नाही ते. नको असेल तर जा बाहेर, तो पेन उघडून बसलाय."

मी खिडकीतून बाहेर बघितलं. कोबीच्या वाफ्यापलीकडे दोरीवर त्यांची घासायची फडकी वाळत होती. अठरा वर्षं म्हणजे अठरा हिवाळे, आमच्या रिकाम्या घरात, एका खुर्चीत. मला ते फार वाटलं. तरी मी विचार केला की मी सही केली तर अठरा वर्षांनंतरही काही नाही.

"कबूल," मी म्हटलं.

"मग ते खा."

तुकडा गार झाला होता आणि चिखलासारखा लागत होता. त्या समोर उभ्या राहिल्या, मी काटे बाजूला काढले आणि संपवला. मग त्यांनी ताटली माझ्या हातून घेतली, धुतली आणि पालथी घातली.

आम्ही बाहेर आलो तेव्हा फाल्कातु केक कापत होते आणि भावंडं गुडघ्यांच्या दुखण्यापर्यंत आली होती.

"सिन्योर फाल्कातु," सासूबाई म्हणाल्या, "माझी पोरगी कुठे जात नाही. जावई सही करत नाही आणि मी माझा होकार परत घेते."

"पण दोना फ्लोरिपेस, दगड..."

"दगडाची मागची बाजू कोरी असेल ना?"

"हो. म्हणजे, असेल."

"मग उलटा करून ठेवा. आदेलिनु अध्यक्ष झाला की उपयोगी पडेल. त्याला इथे जागा नाही."

"आई!"

"आणि तुला पण नाही, ग्रासिएत. माझ्यानंतर आबेल आहे. त्याच्यानंतर भांडा, तोवर मी ऐकायला नसेन."

आदेलिनु माझ्याकडे असा बघत होता जसा लग्नात बघत होता. बरं वाटलं. ओळखीचं वाटलं. ग्रासिएत रडली, पण पत्रिकांसाठी रडली की बहिणीसाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो झटकला नाही. फाल्कातुंनी फाइल बंद केली, केकचा एक तुकडा खाल्ला आणि उरलेला केक परत बांधून घेऊन गेले.

सोमवारी सकाळी मी आरोग्य केंद्रावर जाऊन रांगेत उभा राहिलो. खिडकीतल्या बाईने माझं कार्ड पाहिलं. शेवटची तारीख इल्दा जायच्या आधीची होती.

"काय होतंय?" तिने विचारलं.

"काही होत नाही. काही होऊ द्यायचं नाहीये."

तिने मान वर केली, माझ्याकडे नीट बघितलं आणि वहीत चाळलं. "डॉक्टरीणबाई गुरुवारी आहेत. तोपर्यंत थांबाल का?"

मी म्हटलं, थांबेन.